सादळलेला कागद

१.
मे. आंब्याची पेटी आता पुठ्ठ्याची असते. तरी तिला पेटीच म्हणायचं. खोका म्हटलं की भाव उतरतो.

२.
जुन्या लाकडी पेटीवर बागायतदाराचं नाव काळ्या रंगात मारलेलं असे. पेटी ठोकणाऱ्याचं नाव कधी पाहिलं नाही.

३.
जपानची लाकडी ठशांची चित्रं युरोपात पोचली ती चिनी मातीच्या भांड्यांना गुंडाळलेल्या रद्दीतून, अशी एक गोष्ट सांगतात. खरी असो नसो, रद्दी आता काचेमागे आहे.

आमच्या पेटीतला भाताचा पेंढा कोणी जपला नाही.

४.
रात्री जेवणं झाली की मोबाइलवर एक माणूस लाकूड कोरताना दिसतो. नाव डेव्हिड बुल. जन्म इंग्लंडचा, वाढला कॅनडात, आधी संगीताच्या क्षेत्रात. १९८६ मध्ये बिऱ्हाड घेऊन जपानला गेला. १९८९ मध्ये त्यानं ठरवलं, कात्सुकावा शुन्शोच्या १७७५ च्या पुस्तकातले शंभर कवी एकट्यानं कोरायचे आणि एकट्यानं छापायचे. वर्षाला दहा. १९९८ मध्ये शंभरावा कवी झाला.

त्या दहा वर्षांत आपण काय केलं ते आठवून पाहिलं. एक स्कूटर घेतली होती.

५.
जपाननं भारतीय आंब्यावरची वीस वर्षांची बंदी २००६ मध्ये उठवली. अट अशी की फळमाशीसाठी आंब्याला वाफेची उष्णता द्यायची, ४७ अंशांच्या वर, वीस मिनिटं. बघायला जपानी निरीक्षक.

आमच्याकडे आंबा आढीत घालतात आणि वासावर ओळखतात.

६.
एका जपानी चित्राला चार माणसं लागत. प्रकाशक पैसे घाली, चित्रकार रेखाटन देई, कोरणारा फळी कोरे, छापणारा छापी. चित्रावर सही चित्रकाराची, शिक्का प्रकाशकाचा. कोरणाऱ्याचं नाव क्वचित, छापणाऱ्याचं त्याहून क्वचित.

होकुसाईच्या लाटेच्या गाजलेल्या चित्रावर होकुसाईची सही आहे.

७.
या पद्धतीत मूळ चित्र उरतच नाही. चित्रकार पातळ कागदावर काढतो. तो कागद पालथा घालून खळीनं फळीवर चिकटवतात. पाठीचे तंतू बोटानं चोळून काढतात, रेघ नीट दिसावी म्हणून तेलाचा हात फिरवतात आणि रेघेच्या दोन्ही अंगांनी कोरत जातात. कोरून होईपर्यंत कागदाचा भुगा झालेला असतो.

मग ओरिजिनल कुठलं? हा प्रश्न लिलावात पडतो, कारखान्यात नाही.

८.
जपानी कोरणारे फळीसाठी जंगली चेरीचं लाकूड घेतात. दाट, एकसारखं, केसाएवढी रेघ धरणारं.

आमच्याकडे चेरी केकवर असते.

९.
सुतारकाकांकडे गेलो. कोरायला कुठलं लाकूड चांगलं?

"साग नको, रेघा उठतील. आंब्याला भुंगा लागतो. शिवण घ्या. शिवण ऐकतं."

"फूटभर फळी पुरे."

"कशाला हवी?"

"छापायला."

"पत्रिका? कोणाची?"

१०.
लाकूड पाटाला लागतं तसं उभं चिरलेलंच घ्यायचं. खोडाच्या आडव्या कापावर बारीक कोरायची रीत युरोपची. उभ्या फळीच्या नैसर्गिक रेघा छापणारा कधीकधी मुद्दाम उमटू देतो. मग झाडाची वर्षं आकाश होतात, नाहीतर पाणी.

११.
छापायच्या ब्रशचे केस घोड्याचे. ते मऊ करायला आधी तापल्या लोखंडावर टेकवतात, मग शार्कच्या कातड्यावर घासतात. शार्क म्हणजे मुशी. मुशी म्हणजे आमचा बाजार.

"मावशी, मुशीचं नुसतं कातडं मिळेल?"

"कातडं? खाता काय?"

"नाही, ब्रश घासायला."

तिनं शेजारणीकडे पाहिलं. शेजारणीनं माझ्याकडे पाहिलं.

"भाऊ, मुशी घ्या. कातडं फुकट."

१२.
घरी मुशी झाली. कातडं खिळ्यांनी फळकुटावर ताणून गच्चीवर वाळत घातलं. चार दिवस कावळे खूश, शेजारी नाखूश. वाळल्यावर हात लावून पाहिला. पॉलिश पेपर, शंभर नंबरचा.

१३.
१ जून ते ३१ जुलै यांत्रिक मासेमारी बंद. कातडं वेळेवर मिळालं.

१४.
कागदानं शाई पिऊ नये म्हणून त्याला सरस आणि तुरटीचं पाणी देतात. त्या पाण्याला जपानीत दोसा म्हणतात.

बायकोला हे सांगितलं. ती म्हणाली, चटणी कसली?

१५.
छापण्याआधी कागद ओलसर करावा लागतो. एकाआड एक ओले कागद घालून, गुंडाळून, रात्रभर ठेवतात. ओल सगळीकडे सारखी बसली तरच रंग तंतूंत उतरतो. फार ओला झाला तर पसरतो, कोरडा राहिला तर वरच्यावर बसतो. हे कळायला काही वर्षं जातात.

आमच्या रत्नागिरीत वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. जूनच्या दुसऱ्या आठवड्यात कपाटातला कागद काढला. आपोआप सादळलेला, सगळीकडे सारखा. कित्येक वर्षांची विद्या घरात पडून होती. पापडांनाही होती.

१६.
बुरशी मात्र त्यांच्याकडेही लागते.

१७.
बारेन. तळहाताएवढी चकती, कागदाच्या पाठीवरून फिरवायची. हे त्यांचं छपाईयंत्र. आत बांबूच्या सालीची वळलेली दोरी, चकलीसारखी गुंडाळलेली. दोरीची प्रत्येक गाठ म्हणजे दाबाचा एक ठिपका. बाहेरून बांबूच्या कोंबावरचं साल ताणून बांधायचं. ते झिजतं, मग नवं बांधायचं. सुळसुळीत राहावं म्हणून कॅमेलियाचं तेल.

माझा बारेन: स्टीलच्या डब्याचं झाकण, काथ्याची दोरी, पोफळीची विरी, खोबरेल.

१८.
जुनी मराठी दप्तरं घोटीव कागदावर आहेत. दगडानं घासून गुळगुळीत केलेला कागद, बोरू अडकू नये म्हणून. तिथे लिहिण्याआधी घोटायचं. इथे घोटणं हेच छापणं.

१९.
बायकांच्या कपाळावरचे केस कोरणं हे कोरणाऱ्याचं शेवटचं शिक्षण. एका मिलिमीटरमध्ये दोन-तीन केस, कानशिलाकडे निमुळते होत नाहीसे होणारे. नवशिक्याला ते देत नाहीत. तो आधी मोकळी जागा खरवडतो. सुरुवातीची वर्षं काही नसलेली जागा तयार करायची.

२०.
१९८४ चा पहिला मॅकिन्टॉश संगणक. जाहिरातीतल्या पडद्यावर केस विंचरणारी एक बाई आहे, काळ्या-पांढऱ्या ठिपक्यांची. ती हाशिगुची गोयोच्या १९२० च्या ठशावरून घेतलेली. स्टीव्ह जॉब्स कावासे हासुईची चित्रं विकत घेत असे.

२१.
होकुसाईची लाट साधारण १८३१ ची. निळा रंग बर्लिनमध्ये शोधलेला. लाटेखालच्या तीन होड्या ताजी मासळी बाजारात लवकर पोचवणाऱ्या जलद होड्या. जग त्यात निसर्गाचं रौद्र रूप बघतं.

मिरकरवाड्याच्या मासळी बंदरात विचारलं तर पहिला प्रश्न येईल, माल वाचला का?

२२.
तेव्हा त्या चित्राची किंमत शेवयांच्या दोन वाडग्यांएवढी. २०२३ च्या मार्चमध्ये न्यूयॉर्कच्या लिलावात एक प्रत सत्तावीस लाख डॉलरच्या वर गेली.

शेवया अजून परवडतात.

२३.
जुलै २०२४ पासून जपानच्या हजार येनच्या नोटेवर एका बाजूला ती लाट आहे. दुसऱ्या बाजूला कितासातो शिबासाबुरो. १८९४ मध्ये हाँगकाँगात प्लेगच्या जंतूचा माग काढणाऱ्या दोघांपैकी एक. १८९६ ला प्लेग मुंबईत. १८९७ ला पुण्यात प्लेग अधिकारी रँडचा खून आणि टिळकांना राजद्रोहाची शिक्षा. टिळकांचं जन्मघर इथे टिळक आळीत.

नोट अर्थात लाकडी ठशावर छापत नाहीत.

२४.
नाना फडणविसांच्या काळात पुण्यात एका तांबटानं तांब्याच्या पत्र्यावर देवनागरी उलटी कोरायला घेतली. कल्पना इंग्रज वकील मॅलेटची, आश्रय नानांचा. नाना १८०० मध्ये गेले. कारागीर मिरजेला पटवर्धनांकडे गेला. १८०५ मध्ये तिथे गीता छापून झाली.

या हकिकतीत नाना आहेत, मॅलेट आहे, पटवर्धन आहेत. तांबट बहुतेक ठिकाणी नुसता तांबट आहे.

२५.
१८९४ मध्ये राजा रविवर्म्यानं गिरगावात छापखाना काढला. शिळाछाप, जर्मन यंत्रं, जर्मन कारागीर. त्याच सुमारास शिळाछापानं आणि वर्तमानपत्रांनी जपानात लाकडी ठशांचा धंदा बसवत आणला होता.

आमच्या आजोळी देवघरात रविवर्म्याची लक्ष्मी होती. आजीनं तिच्या साडीला खरी जर चिकटवली होती. हजारोंनी छापलेल्या त्या चित्राची तशी प्रत एकच.

२६.
तोक्योचा प्रकाशक वातानाबे शोझाबुरो यानं १९१५ च्या आसपास चौघांची जुनी व्यवस्था पुन्हा जुळवली. नाव दिलं शिन-हांगा, नवे ठसे. सुरुवातीच्या चित्रकारांत चार्ल्स बार्टलेट नावाचा इंग्रज होता. त्यानं १९१६ मध्ये वातानाबेसाठी केलेल्या चित्रांत काशी आहे, आग्रा आहे, उदयपूर आहे.

म्हणजे जपानी परंपरेच्या पुनरुज्जीवनात सुरुवातीच्या दिवसांतच एक इंग्रज आणि थोडी काशी.

२७.
१ सप्टेंबर १९२३, भूकंप आणि आग. वातानाबेचं दुकान गेलं. फळ्या गेल्या, साठा गेला, त्याचा चित्रकार हासुई याच्या रेखाटनांच्या चोपड्या गेल्या. जे विकलं गेलं होतं तेवढं वाचलं.

२८.
हासुईचं १९५३ चं एक चित्र आहे, झोजोजी देवळासमोरचा बर्फ. ते जपून ठेवण्याजोग्या विद्येचा नमुना म्हणून सरकारी पुढाकारानं करून घेतलं. बर्फ म्हणजे कागद कोरा सोडणं.

त्यासाठी बेचाळीस वेळा छापलं.

२९.
चित्रकार योशिदा हिरोशी १९३०–३१ च्या हिवाळ्यात मुलाला घेऊन भारतात आला. परत जाऊन त्यानं जी मालिका केली त्यात ताजमहाल आहे, कांचनजंगा आहे, अजिंठा आणि वेरूळही आहे. तो त्याच फळ्या वेगळ्या रंगांत छापून वेळ बदलत असे. शिडांच्या होड्यांचं त्याचं एक चित्र सकाळ, दुपार, संध्याकाळ, धुकं, रात्र असं सगळं होतं. फळीवर होड्या त्याच.

पाचच्या सुमारास मिऱ्याच्या किनाऱ्यावर गेलो. होड्या त्याच.

३०.
वेरूळच्या वाटेवर, दौलताबादच्या पुढे, कागजीपुरा आहे. नावातच आलं. हातकागद करणाऱ्यांचं शेकडो वर्षांचं गाव. पर्यटक मोटारीतून पुढे जातात, कारण लेणी पुढे आहेत.

३१.
योशिदाच्या काही चित्रांच्या समासात 'जिझुरी' असा शिक्का असतो. अर्थ: स्वतः छापलेलं. छापणारे त्याच्या कारखान्यातले कसबी कामगार. देखरेख त्याची. शिक्का असला की किंमत वाढते.

आंब्याच्या पेटीवरही बागायतदाराचंच नाव असे, हे वर लिहिलं आहे.

३२.
योशिदाच्या त्याच मालिकेत रंगूनचा सोनेरी पॅगोडा आहे. ब्रह्मदेशाच्या थिबा राजाला १८८५ मध्ये पदच्युत करून रंगूनमार्गे मद्रासला आणि १८८६ मध्ये रत्नागिरीला आणलं. इथला राजवाडा १९१० मध्ये झाला, १९१६ मध्ये राजा गेला. राजवाड्याच्या गच्चीवरून भाट्याची खाडी दिसते. पॅगोडा दिसत नाही.

३३.
१९०४. यामामोतो कानाए नावाच्या तरुणानं समुद्राकडे बघणारा एक कोळी स्वतः काढला, स्वतः कोरला, स्वतः छापला. जपानी कलेच्या इतिहासात इथून सोसाकु-हांगा सुरू होतं. चौघांचं काम एकानं करणं ही तेव्हाची क्रांती. आता हाताखाली माणसं घेऊन काम पुन्हा वाटून देणं याला पुनरुज्जीवन म्हणतात.

कोळी अजून समुद्राकडे बघतोय.

३४.
मुनाकाता शिको. नजर इतकी अधू की नाक फळीला टेकवून कोरायचा. १९५६ मध्ये व्हेनिसला ठशांचं मोठं पारितोषिक. त्याच्या गाजलेल्या ठशांचा विषय बुद्धाचे दहा शिष्य.

कोरणारा परदेशी, पारितोषिक परदेशी, शिष्य आपल्याकडचे.

३५.
संस्थान विलीन झाल्यापासून १ मे १९८१ पर्यंत सावंतवाडी रत्नागिरी जिल्ह्यात होती. त्यामुळे गंजिफा या जुन्या पत्त्यांचं पुनरुज्जीवन आमच्या जिल्ह्यात झालं असं म्हणायला जागा आहे. सावंतवाडीकरांसमोर म्हणू नये.

दशावतारी गंजिफा: दहा अवतार, प्रत्येकाची बारा पानं, एकूण १२०. पानं गोल, हातानं रंगवलेली, चिंचोक्याची खळ, वरून लाख. सत्तरच्या दशकात शिवरामराजे आणि सत्त्वशीलादेवी भोसले यांनी हे काम पुन्हा उभं करायचं ठरवलं तेव्हा ते येणारा एक वृद्ध कारागीर उरला होता, पुंडलिक चितारी. राणीसाहेब त्याच्याकडून स्वतः शिकल्या. राजवाड्यात आजही चितारी बसून पानं रंगवतात.

बहुतेक पानं फ्रेममध्ये जातात. डाव कोणी मांडत नाही.

३६.
जपानी पत्त्यांना करुता म्हणतात. शब्द पोर्तुगीज. बुलचे शंभर कवीही पत्त्यांच्या खेळात भेटतात. १८८९ मध्ये क्योतोत एकानं फुलांच्या चित्रांचे पत्ते करायचा कारखाना काढला. कारखान्याचं नाव निन्टेन्डो. ती कंपनी ते पत्ते अजून काढते. बाकीही काही काढते.

३७.
२०१२ मध्ये जेड हेन्री या अमेरिकन चित्रकारानं व्हिडिओ गेमचे नायक जुन्या जपानी थाटात रेखाटले आणि बुलनं ते कोरून छापले. इंटरनेटवर वर्गणी मागितली. तीन लाख डॉलरच्या वर जमली. मग तोक्योच्या असाकुसात दुकान, मागे कामाला शिकाऊ माणसं.

सावंतवाडीला राणीसाहेब. असाकुसाला मारिओ.

३८.
त्यातल्या एका चित्रात मारिओ रिक्षात आहे. रिक्षा हा शब्द जपानी: जिन-रिकि-शा, माणूस-बळ-गाडी. रत्नागिरीच्या स्टँडवर माणसाचं बळ आता फक्त भाडं ठरवताना लागतं.

३९.
ठसठशीत, ठसा उमटणे, छाप पडणे: चांगले शब्द. ठोकळेबाज, छापील, साचेबंद: वाईट शब्द. दोन्हीकडे वस्तू तीच.

४०.
फळीच्या कडेला कागद बसवायच्या दोन खाचा असतात, एक काटकोनी, एक सरळ. त्यांना केंतो म्हणतात. प्रत्येक रंगाच्या फळीवर त्या त्याच जागी हव्यात. केंतो म्हणजे अदमास. केंतो-चिगाई म्हणजे अदमास चुकणं, भलतंच समजणं.

४१.
पुलंनी 'पूर्वरंग'मध्ये जपान लिहिला आणि अंतू बर्वा रत्नागिरीत बसवला. अंतूशेटला जपानला न्यायचं राहून गेलं.

४२.
जुलै. विषय ठरला. मिऱ्याला वर ओढून शाकारलेल्या तीन होड्या. पूर्वी झाप घालत, आता निळी ताडपत्री. म्हणजे रंग दोन, फळ्या दोन: काळी रेघ आणि निळी ताडपत्री. बर्लिनच्या निळ्याची सोय नाही. पोस्टर कलर.

४३.
कोरायला बसलो. पहिल्या दिवशी एक दोर झाला, होडी बांधायचा. दुसऱ्या दिवशी पटाशी घसरून तो तुटला. चित्रात आता एक होडी सुटलेली आहे.

४४.
सुतारकाका फळी बघायला आले. अंगठ्यानं कड चाचपली.

"किती काढणार?"

"एक तरी नीट निघाली तर पुरे."

"एकासाठी ठसा? मग हातानं काढायचं होतंत."

४५.
याला उत्तर सुचलं नाही. म्हणून वीस काढायच्या ठरवल्या.

४६.
फळीवर रंगाचा हात, त्यावर मोहरीएवढी तांदळाची खळ. ब्रशनं दोन्ही एकजीव करायचं. कागद आधी काटकोनाच्या खाचेत, मग सरळ खाचेत, मग सोडायचा. पोटाशी कोपर घट्ट, झाकण गोलगोल. कागद उचलताना चिकटलेली भाकरी सुटावी तसा आवाज येतो.

पहिली: रंग जास्त. दुसरी: खळ जास्त. तिसरी: पाहुणे आले. पाचवीला ताडपत्री होडीपासून दोन मिलिमीटर उडालेली. वाऱ्यानं, असं म्हणता येईल. अकरावी बरी. बारावीचा गर्व तेरावीत दिसतो.

४७.
जाणकार लोक ठशाचं चित्र हातात आलं की आधी पालथं करतात. रंग कागदात किती उतरला, बारेनच्या गोल रेघा कुठे उठल्या, हे पाठीवर दिसतं. सही पोटावर असते.

४८.
नारळी पौर्णिमा. ताडपत्र्या निघाल्या, होड्या पाण्यात. चित्र जुनं झालं.

४९.
वीस झाल्या. सहा फाडल्या, चार बुरशीनं गेल्या, एक बायकोनं मिठाच्या बरणीखाली घातली. अकरावी सुतारकाकांना दिली.

त्यांनी ती उलटी केली. खिडकीशी नेली. पाठीवरून अंगठा फिरवला.

"इथं जोर कमी पडला," म्हणाले.

५०.
कोपऱ्यात सही केली होती. ती त्यांनी पाहिली नाही. फळी शिवणीची, त्यांनी रंधलेली. बारावीच्या कोपऱ्यात माझ्या नावाखाली त्यांचं घातलं. पेन्सिलनं. कागद अजून ओला होता, पेन्सिल नीट उठली नाही.